नुसत्या तारा वाजवा, बाई

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला दारातच बराच वेळ उभं ठेवलं होतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. खाली डोळ्यांचा दवाखाना आणि शेजारी दोन क्लास, त्यामुळं जिना चुकून वर येणारी माणसं रोजचीच. मला वाटलं, त्यातलीच कुणीतरी. तिशीची मुलगी, साधा कुर्ता, पाठीवर तिच्याएवढीच बॅग.

"व्हायोलिनच्या बाई इथंच राहतात न्हवं?"

"क्लास शनिवार-रविवारी असतो. आणि मी लहान मुलांनाच शिकवते," मी म्हणाले.

"शिकायला न्हाय आलो, बाई. तुमचं वाजवणं रेकॉर्ड करायचंय."

ती मुरगूडची. तिकडच्या मुलींसारखी स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. पुण्यात एका स्टुडिओत जाहिरातींच्या आवाजाचं काम करत होती, ते सोडून परत आली होती आणि गडमुडशिंगीत एका शेतकऱ्याचं रिकामं गोडाऊन भाड्यानं घेऊन तिथं स्वतःचं काहीतरी संगीत करत होती. एवढं तिनं उभ्याउभ्या सांगितलं. मी विचारलं, कुठलं गाणं रेकॉर्ड करायचंय?

"गाणं नको. नुसत्या तारा वाजवा, बाई. मोकळ्या. खुंटी पिळताना तार कुरकुरते न्हवं, तो आवाज पायजे. गज तारेवर टेकवल्या टेकवल्या जी खरखर येते, ती पायजे."

चाळीस वर्षं मी ती खरखर घालवायला मेहनत केली होती. मुलांच्या हातातून ती जावी म्हणून अजून घसा कोरडा करते. आणि ही पोरगी नेमकी तीच मागत होती. मला पहिली शंका आली ती अशी की ही आपली थट्टा करायला आलीय. असं काहीतरी वाकडंतिकडं वाजवून घ्यायचं आणि मोबाईलवर टाकायचं, बघा म्हातारी कशी वाजवते.

पण त्याहून मोठी एक शंका माझ्या मनात तयारच होती, आणि तिला कारण होतं.

माझे वडील आमच्या वसाहतीतल्या गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. कुणाकडं शिकले नव्हते. जयंती जवळ आली की महिनाभर आमच्या घरी तालीम चालायची, आणि मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची. त्यांच्यामुळं वाद्य माझ्या हातात आलं. पुढं कॉलेजात असताना कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात मला घेतलं. आम्ही तिघं व्हायोलिनवाले होतो, दोन पुरुष आणि मी. लग्नं, गणपती, जत्रा, सगळीकडं फिरलो. लग्न झाल्यावरही यांनी मला कधी अडवलं नाही. हे उद्यमनगरात लेथवर होते, दिवसभर मशीनच्या आवाजात, आणि संध्याकाळी मला स्टेजपर्यंत सोडायला सायकलवरून यायचे.

मग एका दुपारी आमच्या कीबोर्डवाल्यानं आम्हा तिघांना बोलावलं. नवीन मशीन आणलंय, जरा चाचणी घ्यायचीय म्हणाला. एकेक सूर लांब ओढायचा, हळू, मग जोरात. दुपारभर आम्ही तेच केलं. त्यानं भजी मागवली, चहा पाजला. आम्हाला गंमत वाटली. त्यानंतर काही महिन्यांतच 'स्टेज लहान हाय', 'गाडीत जागा न्हाय' असं ऐकायला येऊ लागलं, आणि आमचं बोलावणं थांबलं. त्या वर्षी एका नात्यातल्या लग्नात मी जेवायला बसले होते आणि समोर तोच ऑर्केस्ट्रा वाजत होता. व्हायोलिनवाला कुणीच नव्हता, पण व्हायोलिन ऐकू येत होतं. त्यात मी माझा सूर ओळखला.

कसा ओळखला, तर माझी डावी करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालीय. तिनं सूर दाबला की तो सरळ लागत नाही, खालून जरा घसरत वर येतो. पुढं मी ज्यांच्याकडं शिकले त्या गुरुजींनी त्यासाठी मला फार बोलून घेतलं होतं. तोच घसरणारा सूर त्या मशीनमधून येत होता, आणि कीबोर्डवाल्याचं बोट त्याच्या पांढऱ्या पट्टीवर होतं. मी ताटावरून उठून त्याच्याकडं गेले. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, भास होतोय तुम्हाला." तेव्हापासून मी शाळेत संगीत शिकवलं, निवृत्त झाले, पण मशीन घेऊन येणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला नाही.

मुलीला मी नाही म्हणूनच सांगितलं असतं. पण आतून हे बाहेर आले. यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं हे मोठ्यानं बोलतात आणि मोठ्यानं बोलणारी माणसं यांना आवडतात.

"कोण पावणं? आत घे की!"

ती आत आली. यांना तिनं मोठ्यानं सगळं परत सांगितलं. यांनी विचारलं, "खरखर कशाला पायजे गं?" ती म्हणाली, "काका, एक आवाज घ्यायचा आणि तो गोल फिरवत ठेवायचा. त्याला लूप म्हणत्यात. त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. मधी गोंगाट सोडायचा. पत्रा, मोटर, वारा, काय बी. त्या सगळ्यात ही खरखर बसती."

"लेथ बी चालंल?"

"लेथ तर पायजेच!"

झालं. यांनी मलाच तिच्यासाठी चहा करायला सांगितलं.

मी अटी घातल्या. दर गुरुवारी दुपारी चारला यायचं. हे समोर बसणार. मी सांगेन तेव्हा मशीन बंद. गाणं एकही वाजवणार नाही. तिनं सगळं मान्य केलं, आणि इतकं चटकन मान्य केलं की मला तेही खटकलं.

पहिल्या गुरुवारी तिनं बॅगेतून एक चपटी पेटी काढली, तिला पायानं दाबायची दोन बटणं, एक छोटा स्पीकर आणि हाताएवढा रेकॉर्डर. रेकॉर्डरवर लाल दिवा लागायचा. मी मोकळी तार एकदा ओढली. तिनं पायानं बटण दाबलं आणि मी गज उचलल्यावरही माझी तार वाजतच राहिली. परत पहिल्यापासून. परत. मी समोर हात मांडीवर ठेवून बसलेली आणि माझा हात स्पीकरमधून चालू. चार-पाच फेऱ्या झाल्यावर माझ्या मानेत कसंतरीच व्हायला लागलं.

"बंद कर ते."

तिनं लगेच बंद केलं. "आवडलं न्हाय?"

"आवडायचा प्रश्न नाही. मी थांबले की ते थांबलं पाहिजे."

तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. ती वही मला बघू द्यावी असं मी तिला म्हणणार होते, पण यांच्यासमोर बरं दिसलं नसतं.

तीन गुरुवार असे गेले. चारला यायची, अर्धा तास रेकॉर्डिंग, मग ती रेकॉर्डर बाजूला शेल्फवर ठेवायची आणि चहा व्हायचा. चहाच्या वेळी मी व्हायोलिन मांडीवर घेऊनच बसते, ती माझी सवय. हे तिच्याशी मशीनच्या गप्पा मारायचे, मी मधेच काहीतरी छेडायची. वडील तालमीआधी वाजवायचे ती एक ओळ आहे, तिला गाणं म्हणता येणार नाही, हात मोकळा करायची ओळ. त्यात करंगळी दोनदा लागते.

चौथ्या गुरुवारी चहाच्या वेळी मी साखरेचा डबा घ्यायला उठले आणि शेल्फवर लाल दिवा दिसला. रेकॉर्डर पालथा ठेवलेला होता, पण दिव्याचा लाल उजेड मागच्या भिंतीवर पडला होता.

मी डबा खाली ठेवला. "हे चालू कसं?"

तिनं बघितलं. तिचा चेहरा उतरला. "बाई, चुकून राहिला असंल."

"चुकून? पालथा ठेवलायस. दिवा दिसू नये म्हणून."

"तसं न्हवं बाई..."

"किती दिवस चाललंय हे? पहिल्या दिवसापासून?"

तिनं उठून रेकॉर्डर हातात घेतला. हे म्हणाले, "अगं, राहिला असंल चुकून. पोरगी हाय." मी यांना पहिल्यांदाच तिच्यासमोर गप्प बसायला सांगितलं. तिला म्हणाले, सगळं पुसून टाक. माझ्यासमोर. घरी कॉम्प्युटरवर ठेवलं असशील तर तेही. तिनं रेकॉर्डरमधलं पुसलं, मग लॅपटॉप उघडून एकेक फाइल मला दाखवून पुसली. मी चष्मा लावून बघत होते, पण मला त्यातलं काय कळणार? कुठं आणखी एक प्रत ठेवली असेल तर? क्लासला येणाऱ्या एका मुलाच्या आईनंच मला सांगितलं होतं, आता कॉम्प्युटरला कुणाचाही आवाज शिकवता येतो आणि मग त्या माणसाची गरज उरत नाही. पुसल्याचं नाटक करायला कितीसा वेळ लागतो?

ती बॅग भरून गेली. जाताना यांच्या पाया पडली, माझ्या पडायला वाकली तर मी मागं सरले.

त्यानंतर मला त्या गोष्टीचा नादच लागला. कुठंही व्हायोलिन वाजलं की मी कान देऊन ऐकायची. टीव्हीवरच्या जाहिराती, रिक्षातली गाणी, समोरच्या मंगल कार्यालयातली सनई संपल्यावर लागणारी सीडी, सगळीकडं माझी करंगळी शोधायची. भाजी घेताना मधेच थांबायची. हे म्हणायचे, "तुला ऐकू येतंय त्यापेक्षा मला येत न्हाय ते बरं."

दीड-दोन महिन्यांनी यांच्या मोबाईलवर तिचा निरोप आला. रविवारी सकाळी अकराला गडमुडशिंगीत, गोडाऊनमध्ये कार्यक्रम आहे, काका तुम्ही या. बाईंना विचारायचं धाडस नाही. मी म्हटलं, मी येणार. हे खूश झाले. मी कशासाठी येणार आहे ते मी यांना सांगितलं नाही.

गोडाऊन म्हणजे लांब पत्र्याची शेड, आत ताडपत्री अंथरलेली. तीसेक माणसं असतील. कॉलेजची मुलं, गावातल्या तीन-चार बायका, गोडाऊनचा मालक. ती आई-वडिलांना घेऊन आली होती, ते पुढं खुर्च्यांवर अवघडून बसले होते. मी मागच्या खांबाला टेकून उभी राहिले, हे शेजारी खुर्चीवर बसले. तिनं लाकडी चौकटीवर तारा ताणून एक प्रकार केला होता, तो गजानं वाजवत होती. पुढ्यात पेटी, बटणं, बाजूला एक व्हायोलिन. पत्र्यावर घासल्याचा आवाज गोल फिरू लागला. मग एक मोटर. यांनी माझ्या हाताला धरून सांगितलं, "लेथ! उद्यमनगरातला लेथ हाय बघ, गिअरचा एक दात गेलाय." यांना ते खुर्चीच्या लाकडातून ऐकू येत होतं. विमानतळ जवळ आहे, मधेच एक विमान उतरलं, तर तिनं तोही आवाज आत घेऊन फिरवला. लोक हसले.

मी हसले नाही. पोलीस पंचनामा करतात तशी मी एकेक आवाज तपासत होते. हा माझा नाही. हाही नाही. मग त्या सगळ्या गोंगाटाच्या खालून एक ओळ आली. माझ्या वडिलांची हात मोकळा करायची ओळ. पाचवा सूर खालून घसरत वर आला.

मी खांब सोडून पुढं गेले. माणसं वाट देत गेली. मी अगदी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "थांबव! हे माझं आहे. माझ्यासमोर पुसलं होतंस ना?"

तिनं पायानं बटण दाबलं. लेथ थांबला, पत्रा थांबला, सगळं थांबलं. ओळ मात्र थांबली नाही. ती ओळ मशीनमधून येतच नव्हती. तिच्या खांद्यावर व्हायोलिन होतं आणि ती स्वतः वाजवत होती. मी खांबापाशी होते तिथून तिचा हात दिसत नव्हता, आणि पुढं आले ती नुसती पेटीकडं बघत. तिनं करंगळी मुद्दाम वाकडी करून तारेवर ठेवली होती. तिनं ओळ पुरी केली आणि गज खाली घेतला.

"पुसलं होतं, बाई. हे मी बसवलंय."

तिची आई माझ्याकडं बघत होती. मी वळून बाहेर आले आणि उसाच्या कडेनं रस्त्यापर्यंत चालत गेले. मागून हे आले, रिक्षा थांबवली. जिना चढताना यांनी एवढंच विचारलं, "तिनं चोरलं न्हाय न्हवं मग?" मी म्हणाले, मला माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं. पुसायच्या आधी ऐकल्याशिवाय बसवलं कसं? आणि रेकॉर्डर एकदाच चुकून राहिला असेल, तर एका वेळच्या ऐकण्यात ती ओळ अशी बोटात बसते का? इतकी वर्षं शिकवल्यावर एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. बॅग नव्हती. मी तिला आत घेतलं, कारण माफी मला मागायची होती. भरसभेत तिच्या आई-वडिलांसमोर मी तिला चोर ठरवलं होतं. मी तसं म्हणाले. तिनं मान हलवली.

"माफी नका मागू, बाई. रेकॉर्डर चुकून न्हवता राहिला. पहिल्या गुरुवारपासनं मी मुद्दाम चालू ठेवत होतो."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"लाल दिवा दिसला की तुम्ही परीक्षेला बसल्यासारख्या वाजवायच्या. खरखर बी नीटनेटकी यायची. आणि चहा ठेवला की तुमच्या हातातनं ते यायचं. मला तेच पायजे होतं. विचारलं असतं तर तुम्ही न्हाय म्हटला असता."

"म्हटलं असतंच."

"व्हय. म्हणून न्हाय विचारलं. रोज घरी ते ऐकत होतो. पुसायच्या आधी पाठ झालतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. धुतलेल्या कपबश्या परत धुतल्या. माझा संशय खरा होता, आणि तो खरा निघाल्याचं एक विचित्र समाधान मला होत होतं, त्याची मला लाजही वाटत होती. पण राग त्याहून मोठा होता. बाहेर येऊन मी तिला म्हणाले, खरं सांगितलंस ते बरं केलंस, आता जा. ती गेली. दोन दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत.

पावसाळा सगळा गेला. या काळात मला दोन गोष्टी सोडत नव्हत्या. एक म्हणजे माझ्या तोंडावर येऊन 'व्हय, मी केलं' असं म्हणणारी ही पहिलीच. आणि दुसरी जरा शरमेची आहे. तिनं करंगळी चुकीच्या पेरातून वाकवली होती. माझी पहिल्या पेरात वाकडी आहे, तिनं मधल्या पेरातून वाकवली होती, त्यामुळं तिचा सूर घसरत वर यायचा खरा, पण वर आल्यावर थरथरायचा. शिकवणाऱ्या माणसाला अशी चूक दिसली की बरं वाटत नाही. डोळ्यासमोर सारखं तिचं बोट यायचं. शेवटी एक दिवस मी यांच्या मोबाईलवरून तिला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, "तुझं बोट चुकतंय. गुरुवारी चारला ये. मशीन आणायचं नाही."

ती आली. बोट दुरुस्त व्हायला दोन गुरुवार लागले. नंतर मशीन आणायचं की नाही यावर आमची बरीच वादावादी झाली, आणि शेवटी ठरलं ते असं की पेटी आणायची, रेकॉर्डर आणायचा नाही. पेटीतलं लूप वाजवून झालं की माझ्यादेखत पुसायचं. मोबाईल बाहेर चपलांच्या कपाटावर. तिला हे जाचक वाटतं. "बाई, तुम्ही अजून बी माझ्यावर संशय घेता की," ती म्हणते. मी हो म्हणते. तिनं मला फसवलं होतं ते मी विसरणार नाही, आणि तिलाही विसरू देणार नाही, पण त्यामुळं आमचं वाजवणं थांबत नाही.

स्वतःचा हात गोल फिरताना ऐकायची सवय मला अजून पुरती झालेली नाही. पहिली फेरी सहन होते. दुसरीला मन विटतं. तिसरीनंतर मात्र मी त्याच्यावर दुसरी तार धरते, मग तिसरी, आणि एका जागी असं होतं की कुठली आता वाजवतेय आणि कुठली मघाशी वाजवली ते मलाच सांगता येत नाही. मी याला संगीत म्हणायला तयार नाही. काय म्हणावं ते तिलाही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघींनी गडमुडशिंगीत एकत्र वाजवलं. रविवार, सकाळी अकरा. या वेळी माणसं जरा जास्त होती, मागं गावातली काही पुरुष मंडळी पण येऊन उभी राहिली होती. मी खुर्चीवर बसले, हनुवटीखाली व्हायोलिन घेतलं, गज उचलला आणि समोर बघितलं तर निम्म्या लोकांनी मोबाईल वर धरले होते. मी गज तसाच हवेत धरून ठेवला. ती शेजारून हळूच म्हणाली, "बाई, सुरू करा की." मी म्हणाले, "आधी ते सगळे खाली."

तिनं लोकांना सांगितलं. एकेक मोबाईल खाली गेला. मागच्या ओळीत एकाचा हात अजून वरच होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. सगळे वळून त्याच्याकडं बघायला लागले.

"ठेवला की ओ बाई खिशात," तो ओरडला. "वाजवा आता."

त्यानं तो खरोखर खिशात घातलेला मी बघितलं, आणि मग सुरुवात केली.